हिशेब जुळेना : वाचनालयाच्या माडीवरच्या संग्रहालयातले अकरा महिने

तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय आणि त्याच्या माडीवर दोन खोल्यांचं वस्तुसंग्रहालय. मी बँकेत ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. कार्यवाहांनी "जरा रजिस्टरं बघून द्या" म्हणून बोलावलं आणि मी अडकलो. अशाच एखाद्या माडीवर कपाट उघडून डोकं धरून बसलेल्या माणसासाठी या नोंदी ठेवतो आहे. आम्ही केलेल्या चुका त्याने तरी फुकटात घ्याव्यात.

८ जानेवारी २०२४
सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. माहेर इथलं, कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या. पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली पावती काढली: १९६३, वाचनालयाचा शिक्का, "अडकित्ता पितळी, नग १, क्र. २१२". वडिलांनी दिलेला. "एकदा बघायचाय, बाकी काही नको."

दोन तास शोधलं. २१२ क्रमांक सापडला, पण तो होता पितळी दौतीवर. अडकित्त्यांच्या खणात २३ अडकित्ते, पण बहुतेकांवर क्रमांकाच्या जागी नुसती चमक. शिपाईमामा अभिमानाने म्हणाले, "दर २६ जानेवारीला चिंच लावून घासतो." आजी चहा घेऊन, फोन नंबर लिहून गेल्या. जिना उतरताना काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

१५ जानेवारी
सांस्कृतिक वारसा जपण्याचं काम करणाऱ्या, रोमच्या इक्रॉम या संस्थेची री-ऑर्ग नावाची पद्धत आहे, लहान संग्रहालयांची कोठारं लावण्यासाठी. तिच्या दोन कसोट्या मला लगेच पटल्या. हवी ती वस्तू तीन मिनिटांत हाताशी आली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. कॅश मोजणाऱ्या माणसाला समजेल अशी भाषा.

परीक्षा घेतली. रजिस्टरातून डोळे मिटून २० नोंदी काढल्या, कॉलेजच्या दोन मुलांना घड्याळ लावून पळवलं. तीन मिनिटांत सापडल्या ५. त्यातली एक म्हणजे दारातली तोफ.

२७ जानेवारी
दौतीचं कोडं सुटलं. रजिस्टरं दोन आहेत. पहिलं १९५८ पासूनचं, ६११ नोंदी. ते भरलं, मध्ये काही वर्षं कुणी काहीच लिहिलं नाही, आणि १९८४ साली नव्या कार्यकारिणीने नवं रजिस्टर उघडून पुन्हा १ पासून सुरुवात केली. ५३४ नोंदी. म्हणजे १ ते ५३४ मधला प्रत्येक क्रमांक दोनदा दिलेला. बँकेत दोन खात्यांना एक नंबर दिला असता तर आम्ही घरी गेलो असतो.

उपाय साधा: जुनं रजिस्टर "अ", नवं "ब". दौत ब-२१२, आजींचा अडकित्ता अ-२१२. जुने क्रमांक खोडायचे नाहीत, फक्त पुढे अक्षर लावायचं. कार्यवाहांना सगळं नव्याने १ पासून हवं होतं. तसं केलं असतं तर आजींच्या हातातल्या पावतीचा अर्थच गेला असता. तासभर वाद झाला, शेवटी ऐकलं.

१८ फेब्रुवारी
मोजदाद दोन्ही बाजूंनी चालू आहे. आधी वस्तू हातात घेऊन रजिस्टर शोधायचं, मग रजिस्टरची ओळ धरून वस्तू. एकाच बाजूने केलं तर सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि फसगत होते.

खरी अडचण वेगळीच निघाली. जुन्या नोंदी म्हणजे "अडकित्ता, पितळी, मोर. १." ना लांबी, ना वजन, ना खूण. मोराचे अडकित्ते आमच्याकडे तीन. "तलवार, लोखंडी, जुनी" अशा तर अकरा ओळी आहेत.

आता प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी, वजन, दोन फोटो आणि *एक खोड* लिहितो. खोड म्हणजे टवका, ठिगळ, डाग दिलेला (म्हणजे झाळून जोडलेला) सांधा. ही कल्पना मुलीची (दोन विद्यार्थ्यांपैकी), आणि सगळ्यात कामाची. धड वस्तू एकमेकींसारख्या असतात, मोडलेल्या नसतात.

फोटोसाठी करड्या रंगाचं कापड, खिडकीचा उजेड, वस्तूशेजारी फुटपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. मोबाइल पुरतो. पहिल्या ९० फोटोंत चिठ्ठी ठेवली नव्हती, ते सगळे पुन्हा काढले. तीन संध्याकाळी गेल्या.

१० मार्च
आजचा दिवस शिव्या देण्यात गेला. सगळी माहिती गूगल शीटमध्ये भरतो आहोत. (पुण्याच्या सी-डॅकने बनवलेली "जतन" नावाची संगणक प्रणाली मोठ्या संग्रहालयांत वापरतात, आमच्या दोन खोल्यांना तूर्त शीट पुरे.) पावती क्रमांकाचा रकाना होता, "७/६३" असा: त्या वर्षातली सातवी पावती. शीटने त्याची तारीख करून टाकली, जुलै १९६३. "१९/६३" मात्र तसाच राहिला, कारण एकोणिसावा महिना नसतो. म्हणजे १ ते १२ याच पावत्या बिघडल्या, बाकीच्या ठीक. त्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. १४० ओळी हाताने दुरुस्त केल्या.

तुम्ही करणार असाल तर एकही अक्षर टाइप करण्याआधी पूर्ण शीट निवडा आणि रकान्यांचा प्रकार "प्लेन टेक्स्ट" करा.

१४ एप्रिल
क्रमांक घालायला सुरुवात. जुन्या वस्तू टिकवण्याचं काम करणाऱ्या मुंबईच्या एका संवर्धक बाईंनी फोनवर नीट सांगितलं होतं. पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक कृत्रिम राळेचे दाणे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचे, वस्तूवर न दिसणाऱ्या जागी नखाएवढा थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर बारीक शाईपेनाने क्रमांक, वर पुन्हा थर. पुढे कधी काढायचं झालं तर अ‍ॅसिटोनने निघतो, वस्तूला काही होत नाही.

वरचा थर देताना ब्रश दोनदा फिरवला की खालचा थर विरघळतो आणि शाई पसरते. ३८ वस्तूंवर निळे ढग उमटल्यावर ही अक्कल आली. आता ब्रश एकदाच, एका दिशेने, आणि खालचा थर रात्रभर वाळवून. खर्च: दाणे, अ‍ॅसिटोन, ब्रश, पेनं मिळून २,३५०.

याहून वाईट गोष्ट लिहायलाच हवी. उत्साहाच्या भरात सावंतवाडीच्या गंजिफांवरही (खेळायचे रंगवलेले गोल पत्ते) क्रमांक घालायला घेतला. दशावतारी संच, १२० गोल पानं, त्यातली १०९ आमच्याकडे. पानांवर लाखेचा लेप असतो आणि अ‍ॅसिटोन लाख खातं. मत्स्याच्या एका पानाची पाठ पाव इंच मंद झाली, तिची झळाळी गेली ती गेलीच. चूक माझी, मुलांची नाही. रजिस्टरात तारखेसह लिहून ठेवली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून: लाख, रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत यांना बाटली लावायची नाही, चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधायची किंवा डबीवर लिहायचं. कापडाला सुती फितीवर लिहून दोन टाके. कागदाला पाठीमागे मऊ पेन्सिल. नाण्यांवर काहीच नाही, प्रत्येक शिवराई वेगळ्या पाकिटात.

२ ते ४ मे
मोजणीचा कंटाळा आला म्हणून तीन दिवस कोपऱ्यात खुर्ची टाकून, पेपर समोर धरून, येणाऱ्यांकडे बघत बसलो. उन्हाळ्याची सुट्टी, ६१ माणसं आली. कोण कुठे किती थांबतं ते घड्याळावर टिपलं.

तलवारी आणि दांडपट्टा: सगळे थांबतात, अर्धा मिनिट तरी. मोडी कागद: वाकतात, "वाचता येत नाही" म्हणतात, पुढे जातात. पैठणीपाशी बायका थांबतात, पण समोरच्या खिडकीची तिरीप काचेवर येते, म्हणून हाताचा आडोसा करून बघतात. माप-वजनांचं कपाट, म्हणजे पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं: सरासरी सहा सेकंद. पाट्या कुणी वाचत नाही. एका आजोबांनी चष्मा वर करून, खाली करून, शेवटी नातवाला सांगितलं, "काहीतरी जुनं आहे." ही आमच्या संग्रहालयाची आजवरची सर्वात प्रामाणिक पाटी.

पाट्या पोटाच्या उंचीवर, लॅमिनेशनमुळे चमकणाऱ्या, बोरूच्या टोकाएवढ्या अक्षरांत. वर्षानुवर्षं मीच त्यांच्यावरून नजर फिरवत जात होतो.

११ मे
पैठणीसमोरच्या खिडकीला जाड मांजरपाटाचे दुहेरी पडदे, १,१००. कपाटातली ट्यूब काढली. कापड-कागदाला उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास असावा म्हणतात. आमचं मोबाइलवरचं अ‍ॅप आकडे कसेही दाखवतं, पण ४०० आणि ५० यातला फरक त्यालाही कळतो. पैठणी उलगडली तेव्हा घडीच्या बाहेरची बाजू विटलेली आणि आतली जांभळी निघाली. ४० वर्षं एकच घडी वर होती. आता गुंडाळीवर.

२९ जून
पाऊस सुरू. चांदीचे रुपये काळे पडले आहेत. दमटपणाला दोष देत होतो, पण संवर्धक बाईंनी विचारलं, "खाली काय अंथरलंय?" हिरवी बनात. लोकरीच्या कापडातून गंधकाची वाफ निघते आणि चांदी काळवंडते. शोभेसाठी १९८४ साली सगळ्या कपाटांत ती चिकटवलेली. खरवडून काढायला चार दिवस लागले, खाली धुतलेला, बिनरंगाचा मांजरपाट घातला. रुपये घासायचे नाहीत असं मामांना तीनदा सांगितलं.

१३ जुलै
दमटपणा शोषणारे सिलिका जेलचे दाणे हा पैसे पाण्यात घालायचा उत्तम मार्ग आहे, निदान आमच्या कपाटांत. चार किलो आणलं, १,६८०. निळे दाणे दोन दिवसांत गुलाबी, म्हणजे ओल पिऊन भरलेले. कढईत भाजून पुन्हा ठेवले, पुन्हा गुलाबी. कपाटांच्या दारांत बोट जाईल एवढी फट, म्हणजे आम्ही अख्ख्या तालुक्याची हवा कोरडी करत होतो. आता फक्त लोखंडी हत्यारं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यांत, जेल त्यातच. महिना झाला, रंग टिकून आहे. तलवारींच्या जागी कपाटात फोटो आणि "पावसाळ्यात विश्रांतीला" अशी पाटी. लोक हसतात, पण वाचतात.

२० जुलै
धनगरी घोंगडीला कसर लागली. पूर्वी उपाय एकच, डांबरगोळ्या. त्या वासाने पाहुणे पळतात आणि आपलंही डोकं धरतं. यंदा थंडीचा उपाय केला. चौकातल्या आइस्क्रीमवाल्याचा एक डीप फ्रीझर पावसाळ्यात रिकामाच असतो. घोंगडी पॉलिथिनमध्ये हवा काढून चिकटपट्टीने बंद केली, उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. खर्च शून्य. आइस्क्रीमवाला मात्र गावभर सांगतो आहे की शिवकालीन घोंगडी त्याच्याकडे होती. घोंगडी १९७० च्या आसपासची आहे.

४ ऑगस्ट
मापांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो, रविवार गाठून. आमची मापं हाताळायला द्यायची नाहीत, पण हाताळल्याशिवाय ती कुणाला कळणारही नाहीत. म्हणून वेगळा संच: पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, दोन कोळवी. घासाघीस करून ३,४००. त्यांच्यावर क्रमांक नाही, रजिस्टरात नोंद नाही. ठळक लाल अक्षरात "हाताळणी संच". हे वेगळं ठेवलं नाही तर वीस वर्षांनी कुणीतरी त्यांनाही ऐतिहासिक करील.

१७ ऑगस्ट
टेबल मांडलं, परातीत ज्वारी. वर पाटी: दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. सातवीच्या वर्गाने टेबल डोक्यावर घेतलं. सहा सेकंदांचं कपाट आता रिकामं करायला घंटा वाजवावी लागते.

एका मुलीने येऊन हाताला धरून नेलं. "आजोबा, तुमची पाटी चुकलीय. दोन मापटी ओतली तरी शेर भरत नाही." पुन्हा ओतलं. खरंच भरत नव्हता, दोन बोटं कमी. मापं वेगवेगळ्या गावांची, आणि प्रांताप्रांताचा शेर वेगळा. १९५६ च्या कायद्यानंतर किलो-लिटर आले ते याच भानगडीवर. मी बाजारात नुसती चढती मापं बघून घेतली होती, ओतून बघितली नव्हती.

दुसरा संच आणणार होतो. मग पाटीच बदलली: "दोन मापट्यांचा एक शेर भरतो का? भरून बघा. का भरत नसेल?" आता बाप लोकसुद्धा परातीपाशी वाद घालतात.

२ सप्टेंबर
ज्वारीत किडे. संवर्धक बाईंना फोटो पाठवला तर त्यांनी फोनच केला: "संग्रहालयात धान्य? उंदरांना आमंत्रण पत्रिका छापली का?" बरोबर होतं, घोंगडीचं कपाट आठ फुटांवर आहे. ज्वारी त्याच दिवशी गोशाळेत. आता परातीत पिवळट प्लास्टिकचे मणी, अडीच किलो, ९२०. ज्वारीची मजा नाही, आवाज वेगळा येतो. चालवून घेतो.

२२ सप्टेंबर
पाट्या. पहिला मसुदा मी लिहिला, अडकित्त्यांवर १३० शब्द. कॉलेजच्या मुलीने वाचला आणि म्हणाली, "काका, हे रजिस्टर आहे." ४० शब्दांवर आणलं. अक्षर मोठं, कागद बिनचमकीचा, डोळ्यांच्या थोडं खाली, तिरपा. भिंतीवर लावण्याआधी साध्या प्रिंट आठवडाभर टाचून ठेवल्या आणि पुन्हा खुर्चीत बसलो. "धातुशिल्प" शब्दाशी तिघे अडले, तो काढला. मोडी कागदाखाली बाळबोध लिप्यंतर दिलं आणि एका ओळीवर बाणाची खूण केली. आता माणसं ती एक ओळ दोन्हीकडे ताडून बघतात.

ज्या वस्तूंची नोंद पक्की त्यांच्याच पाट्या धड जमल्या. कुणी दिली, कुठल्या घरातली, कशाला वापरायचे, हे माहीत असलं की ४० शब्द आपोआप भरतात. बाकीच्यांवर "लोखंडी तलवार" याच्यापुढे पेन सरकत नाही.

१९ ऑक्टोबर
मोजदाद संपली. हातात असलेल्या वस्तू १,०१८. नोंदी १,१४५. जुळल्या ७९१. म्हणजे २२७ वस्तूंना नोंद नाही आणि ३५४ नोंदींना वस्तू नाही. कार्यकारिणीत कुजबुज सुरू झाली की एवढं चोरीला गेलं काय. मी म्हणालो, टॅली लागत नाही म्हणजे पैसे चोरीलाच गेलेत असं नसतं, आधी एंट्र्या बघतात.

तीन मिनिटांची परीक्षा पुन्हा: जुळलेल्या नोंदींतल्या २० पैकी १७. दोन चुकीच्या खणात निघाल्या, एक फोटो काढायच्या टेबलावरच राहिली होती.

४ नोव्हेंबर
भाऊबीजेला आजी माहेरी आल्या होत्या, मी फोन करून ठेवला होता. मोराचे दोन अडकित्ते काढून ठेवले, दोन्ही बिनक्रमांकाचे. तिसऱ्यावर ब-३४० स्पष्ट दिसतो, त्यामुळे तो अ-२१२ असायचा प्रश्नच नव्हता. मुलगी म्हणाली, "राहू दे ना काका, शोभेला," आणि तोही ठेवला.

आजींनी हातमोजे घातले, पहिला उघडला, मिटला, बाजूला ठेवला. दुसराही. तिसरा उलटा करून डाव्या दांडीवर अंगठा फिरवला आणि थांबल्या. "हा. इथे डाग दिलाय बघा. धाकट्याने जात्यावर आपटला होता, दादांनी त्याला बदडला आणि अडकित्ता तांबटाकडे नेला." आमच्या शीटमध्ये फेब्रुवारीतच लिहिलेलं होतं: "खोड: डाव्या दांडीला जुना सांधा."

ब रजिस्टर उघडलं. ३४०, मोराचा अडकित्ता, साल १९८६. देणाऱ्याच्या रकान्यात नाव नाही, "जुन्या संग्रहातून" एवढंच. घासून क्रमांक गेला, आणि नव्या लोकांनी त्याच वस्तूला नवा क्रमांक दिला. वस्तू एक, नोंदी दोन. दोन्हीकडे लाल शाईने एकमेकींचा क्रमांक लिहिला, आजींचं सांगणं तारखेसह लिहून त्यांची सही घेतली. ३५४ चे ३५३.

आजींनी विचारलं, "एक सुपारी कातरून बघू?" नियम मीच टाइप करून भिंतीला लावला आहे. नाही म्हणालो. त्यांनी अडकित्ता हवेतच दोनदा कातरला आणि ठेवला.

त्या गेल्यावर ते पान पुन्हा बघितलं. ३३१ ते ३६८, सगळ्यांपुढे "जुन्या संग्रहातून". उद्यापासून ही ३८ आधी.